दुसऱ्या पाळण्याआधीचा हिशेब

‘मग, आता दुसरं कधी?’ पहिलं लेकरू तीन-चार वर्षांचं झालं, की हा प्रश्न आपल्याकडे कुणीही विचारतं. सासूबाई विचारतात, शेजारच्या काकू विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा विचारते. विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. पण नोकरी करणाऱ्या बाईच्या मनात त्या वेळी वेगळेच प्रश्न घोळत असतात. रजा मिळेल का? रजेत पगार मिळेल का, आणि मिळाला तर किती? मोठीला शाळेतून आणायचं, घरचं बघायचं, त्यात दिवस गेले तर कामाची दगदग झेपेल का? त्यापेक्षा आतापासूनच अर्धा वेळ काम केलं तर?

हे प्रश्न ती कुणाला विचारत नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, ‘तुला झेपेल तसं कर.’ शेठला किंवा साहेबांना विचारायची भीती वाटते. मग बचत गटाच्या बैठकीनंतर, चहाचे कप विसळताना, माझ्याजवळ हळूच येऊन म्हणते, ‘ताई, जरा विचारायचं होतं.’

मी कुणी वकील नाही. बी.ए.ला मराठी घेतलेली, संसार सांभाळून चार बायकांची कामं करणारी बाई. पण गेल्या काही वर्षांत या एका विषयावर नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या इतक्या मुलींनी मला विचारलं, की कायद्याची कलमं वाचावीच लागली. वाचताना एक गोष्ट ठळकपणे लक्षात आली. आपल्या बायका रजेचा अर्ज वेळेवर देतात, पण त्याच्या कितीतरी आधी, कामाचे तास कमी करताना, कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करत नाहीत. आणि नुकसान नेमकं तिथे होतं.

तीन महिन्यांची गोम

आधी कायदा थोडक्यात बघू. बाळंतपणाच्या पगारी रजेचा देशभराचा कायदा १९६१ सालचा. त्यात आधी १२ आठवड्यांची रजा होती, ती २०१७ मध्ये २६ आठवड्यांची झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ‘सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०’ लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात सामावला गेला. नाव बदललं, पण बाळंतपणाच्या हक्काचा गाभा तोच राहिला. कारखाना असेल, किंवा दहा वा त्याहून जास्त माणसं काम करत असलेलं दुकान वा आस्थापना असेल, तर तिथल्या बाईला हा हक्क आहे. अट एवढीच, की बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत तिने त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम केलेलं असावं.

दुसऱ्या बाळालाही पूर्ण २६ आठवडे मिळतात. ‘पहिल्यालाच सहा महिने, दुसऱ्याला तीनच’ असं बऱ्याच जणी मला ठामपणे सांगतात, ते खरं नाही. दोन किंवा जास्त मुलं हयात असतील तरच पुढच्या खेपेला १२ आठवडे होतात. पहिल्या खेपेला जुळी झाली असतील, तर मात्र दुसऱ्या बाळंतपणाला हा १२ आठवड्यांचा नियम लागतो. हे आधी माहीत असलेलं बरं.

आता मुख्य गोष्ट. रजेतला पगार कोणत्या दराने मिळतो? तुम्ही रजेवर जाता त्या तारखेच्या लगेच आधीचे तीन कॅलेंडर महिने धरायचे, त्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांच्या मजुरीची सरासरी काढायची, आणि त्या रोजच्या सरासरीने रजेचे पैसे द्यायचे. म्हणजे १ ऑगस्टपासून रजा घेतली तर मे, जून आणि जुलै हे तीन महिने मोजले जाणार. त्याआधीची पाच वर्षं तुम्ही पूर्ण वेळ राबला असाल, तरी ती या हिशेबात येत नाहीत.

हिशेबाला सोपं म्हणून धरू, की रोजचे ६०० रुपये पडतात. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. सहाशे गुणिले एकशे ब्याऐंशी, म्हणजे १,०९,२०० रुपये. आता तीच बाई शेवटचे तीन महिने अर्ध्या वेळेवर, रोजच्या ३०० रुपयांवर गेली असेल तर? ५४,६०० रुपये. निम्मे पैसे गेले! तिघांपैकी एकच महिना अर्धा वेळ केला, तरी सरासरी साधारण ५०० वर येते आणि १८,२०० रुपये हातचे जातात. ही सरासरी किमान वेतनाच्या दराखाली जाऊ नये, असंही कायदा म्हणतो. पण कमी तासांच्या नोकरीत त्या एका आधारावर विसंबून बसू नका.

इथे एक बारकावा आहे. सरासरी काम केलेल्या दिवसांची निघते. त्यामुळे रोजंदारीवर असलेल्या बाईने दिवसाचे तास कमी केले तर रोजचा दर पडतो. पण आठवड्यातला एखादा दिवस कमी केला आणि बाकीचे दिवस पूर्ण भरले, तर दर तसाच राहतो. फक्त ८० दिवस भरतात ना, हे बघायचं. आणि रजेचे पैसे रविवार धरून मिळतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच तामिळनाडूतल्या एका मळेकामगार बाईच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे.

ज्यांच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जाते, त्यांना हे पैसे मालकाऐवजी महामंडळाकडून मिळतात. त्यांचे दिवस आणि सरासरी मोजायचे नियम वेगळे आहेत. त्यांनी आपल्या ईएसआय कार्यालयातच चौकशी करावी.

दोघींची गोष्ट

आमच्या ओळखीची एक मुलगी. कुठे काम करत होती ते सांगत नाही, गाव लहान आहे. दुसऱ्या खेपेला सहावा महिना लागला तसे पाय सुजायला लागले. साहेब म्हणाले, ‘बेटा, तू चार तासच येत जा.’ तिला वाटलं, देवमाणूस! पगार अर्धा झाला, त्याचं तिला काही वाटलं नाही, कारण काम अर्धं होतं. पुढे रजा लागली. रजेचा पगार हातात आला तो अर्ध्याच्या हिशेबाने. साहेबांनी नियमाबाहेर काही केलं नव्हतं. त्यांच्या मनात तसं होतं का, तेही मला माहीत नाही. पण घरात घरभाडं होतं, मोठ्या मुलाची फी होती, नवऱ्याचं काम हंगामी. बाळ तिसऱ्या महिन्यात असतानाच ती कामावर परत गेली. ज्या सहा महिन्यांसाठी कायदा झाला, ते तिला पुरते वापरता आलेच नाहीत. बाळाला अंगावरचं सुटलं आणि वरचं दूध सुरू झालं. डब्याच्या दुधाचा खर्च आणखी वेगळा.

दुसरी शहाद्याची. एका खासगी दवाखान्यात बिलाच्या काउंटरवर बसते. थोरली मुलगी चार वर्षांची. दुसऱ्याचा विचार चालला आहे, हे तिने मोकळेपणाने बोलून टाकलं आणि तिथूनच तिला अर्ध्या वेळेचं सुचवण्यात आलं. ती खूश होऊन मला सांगायला आली. मी म्हटलं, ‘अगं, अजून दिवसही गेले नाहीत. ते चार महिन्यांत जातील की दीड वर्षात, कुणी सांगावं? तोवर अर्धा पगार घेत बसणार का?’ तिला खरं तर तास कमी नकोच होते. तिची अडचण होती दुपारची. मुलीची शाळा सुटायची वेळ आणि कामाची वेळ जुळत नव्हती. मग तिने वेळ बदलून मागितली. सकाळी दोन तास लवकर यायचं आणि संध्याकाळी दोन तास लवकर निघायचं. तास तेवढेच, पगार तेवढाच. पहिल्यांदा नाही म्हणाले. मग सकाळच्या पाळीला काउंटरवर माणूस लागतोच, हे लक्षात आल्यावर हो म्हणाले. तिने ते साध्या कागदावर लिहून सही घेतली.

अजून तिच्याकडे गोड बातमी नाही. पण पगार पूर्ण चालू आहे, आणि मुलगी शाळेतून आईच्याच हाताला धरून घरी येते.

मैत्रिणींनो, वेळ बदलणं आणि तास कमी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण बोलताना दोन्हीला ‘ॲडजस्ट करणं’ म्हणतो आणि घोटाळा होतो. शिवाय बाळाचा नुसता विचार असताना तो मालकाला सांगायची कुठलीही सक्ती नाही. कळवायचं ते दिवस गेल्यावर, लेखी.

दगदग कमी करायची, पगार नाही

पण खरोखरच झेपत नसेल तर? सातव्या-आठव्या महिन्यात आठ तास उभं राहणं सोपं नाही, हे मला कुणी सांगायला नको. इथे कायदा आपल्या बाजूने आहे, फक्त आपल्याला ठाऊक नसतं.

पहिली गोष्ट. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीचे सहा आठवडे सोडले, तर त्याच्याही आधीचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांत रजा घेतली नसेल तर तेही दिवस, बाईने विनंती केली की तिला कष्टाचं काम किंवा तासन्‌तास उभं राहायचं काम देता येत नाही. आणि हलकं काम दिलं म्हणून पगार कापता येत नाही. तेव्हा ‘तास कमी करा’ म्हणण्याऐवजी ‘बसून करायचं काम द्या’ असा अर्ज करावा.

दुसरी गोष्ट. २६ आठवड्यांपैकी आठ आठवडेपर्यंत रजा बाळंतपणाआधी घेता येते. आठव्या महिन्यात अर्ध्या पगारावर चार तास जाण्यापेक्षा सरळ रजा सुरू केली, तर पूर्ण सरासरीने पैसे मिळतात आणि तेवढीच विश्रांतीही होते. नंतरचे आठवडे तेवढे कमी होतात हे खरं. म्हणून ज्याने त्याने आपल्या घरचं बघून ठरवावं. बाळंतपणाआधीच्या दिवसांचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ द्यायचे असतात, आणि उरलेले बाळ झाल्याचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत. शिवाय मालकाकडून दवाखान्याची मोफत सोय नसेल, तर ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनस वेगळा.

तिसरी गोष्ट कामावर परतल्यानंतरची. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या जेवणाच्या सुट्टीशिवाय दोन जादा सुट्ट्या बाळाला पाजण्यासाठी मिळतात, त्याचाही पगार कापायचा नाही. जिथे ५० किंवा जास्त माणसं काम करतात तिथे पाळणाघराची सोय हवी आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा हवी. काम घरून करण्यासारखं असेल, तर रजा संपल्यावर काही काळ घरून काम करण्याचं मालकाशी बोलून ठरवता येतं.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बाई रजेवर असताना तिला काढून टाकता येत नाही, आणि तिच्या नोकरीच्या अटी तिचं नुकसान होईल अशा बदलताही येत नाहीत. ‘तू परत आलीस की अर्ध्या वेळेवरच घेऊ,’ असं रजेत कळवलं गेलं, तर ते मुकाट्याने मान्य करू नका. अकरा महिन्यांच्या करारावर असलेल्यांनीही धीर सोडू नये. हक्काच्या अटी पूर्ण झाल्या असतील, तर करार संपला तरी बाळंतपणाचे लाभ पूर्ण मुदतीचे मिळतात, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीच्या एका कंत्राटी महिला डॉक्टरच्या प्रकरणात सांगितलं आहे.

आणखी एक, जे आपण दबक्या आवाजात बोलतो. दिवस गेले आणि राहिले नाहीत, गर्भपात झाला, तरी सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. दवाखान्याचा कागद जोडावा लागतो, एवढंच. चौथ्या दिवशी कंबर धरून कामावर जाणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

तराजूवरचा पगार

इथपर्यंत वाचून काही जणी म्हणतील, ‘ताई, हे सगळं पगारपत्रकवालींचं झालं. आमचं काय?’ बरोबर आहे. आपला जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे इथली सुमारे ६९ टक्के वस्ती आदिवासी आहे. इथल्या बहुतेक बाया राबतात, पण त्यांना ‘नोकरी’ नसते.

नंदुरबारच्या मिरचीचं नाव सगळीकडे. हंगामात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते, आणि बाया दिवसभर बसून देठ खुडतात. डोळ्यांची, हातांची आग होते. घरी गेल्यावर लेकराला जवळ घ्यायचं तर हात दहा वेळा धुवावे लागतात. तिथल्या एका गरोदर बाईला मी विचारलं, ‘रजेचं काय?’ ती हसून म्हणाली, ‘ताई, आमचा पगार तराजूवर. जितकं वजन, तितका पैसा.’ तिला तास कमी करायला कुणाची परवानगी लागत नाही. ती थकली, की तिची मजुरी आपोआपच कमी होते.

धडगाव, अक्कलकुव्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती दोघांनी मिळून फेडायची असते. दुसऱ्यांदा दिवस गेलेली बाई पहिलं लेकरू उसाच्या सरीत झोपवून मोळ्या बांधते. तिने घरी थांबायचं म्हटलं, तर अर्धा कोयताच मोडला! तिथे पाळीची वेळ बदलून मागायची ती कुणाकडे?

अशा बाईसाठी सरकारी भाषेत एक नेमका शब्द आहे, ‘बुडीत मजुरी’. बाळंतपणामुळे जी मजुरी बुडते तिची भरपाई. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या गरोदर बाईला ४,००० रुपये बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. नवव्या महिन्यात २,००० आणि बाळंतपणानंतर २,०००. दुर्गम भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ आहे. बाळंतपणाच्या तारखेआधी काही दिवस तिथे येऊन राहायचं, म्हणजे ऐन वेळी झोळीतून डोंगर उतरायची पाळी येत नाही. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातेला अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं.

सर्वांत माहितीची योजना म्हणजे प्रधानमंत्री मातृवंदना, २०१७ पासूनची. पहिल्या बाळाला ५,००० रुपये. एप्रिल २०२२ पासून दुसऱ्या बाळालाही ६,००० रुपये, पण ते मुलगी झाली तरच. ज्यांना नोकरीतून पगारी रजा मिळते, त्यांना ही योजना नाही. मुलीच्या जन्माचं स्वागत व्हावं हा हेतू चांगला आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण दुसरा मुलगा झालेल्या मजूर बाईची मजुरीही तेवढीच बुडते. बाळंतपणाच्या कळा मुलगा-मुलगी बघून कमी-जास्त होत नाहीत. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा मातृत्व लाभ लिहिलेला आहे, तिथे मुलगा-मुलगी असा शब्दच नाही. हे आपण ग्रामसभेत, मेळाव्यात विचारलं पाहिजे.

आता हे पैसे मोजून बघा. ६०० रुपये रोजाची नोकरी असणाऱ्या बाईला एक लाखावर, आणि उसाच्या फडातल्या बाईला चार हजार किंवा सहा हजार. दोघींचं बाळंतपण एकाच जिल्ह्यातलं.

आणि ज्या आपल्याला या योजनांपर्यंत नेतात त्यांचं काय? अंगणवाडी सेविका-मदतनिसांना १८० दिवसांची मानधनासह बाळंतपणाची रजा आहे. आशाताईंना मात्र बराचसा मोबदला कामाच्या मोजणीवर मिळतो. दुसरीच्या बाळंतपणाला रात्री धावणारी आशा स्वतः बाळंतीण झाली, की तिची मोजणी थांबते.

कागद हवा, मग हक्क

हा हक्क कुणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. मुंबई प्रांतात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांसाठी बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा १९२९ मध्ये झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. तेव्हा आपला भाग पश्चिम खानदेश म्हणून त्याच प्रांतात होता. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै १९२८ मध्ये, विधिमंडळात या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्याच हिताचं आहे, आणि म्हणून या खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारने उचलायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

शंभर वर्षं होत आली, पण हा दुसरा मुद्दा अजून तसाच आहे. बारा माणसांचं दुकान चालवणारा शेठ मला म्हणतो, ‘वहिनी, सहा महिने तिचा पगार द्यायचा आणि तिच्या जागी दुसरीलाही द्यायचा, हे मला कसं जमावं? मग मी लग्न झालेली मुलगी ठेवतच नाही.’ त्याचं वागणं चूक आहे. पण ज्यांना ईएसआय नाही तिथे सगळा भार एकट्या मालकावर पडतो, ही त्याची अडचण खोटी नाही. २६ पैकी काही आठवड्यांचा पगार सरकारने मालकाला परत द्यावा, असा विचार केंद्राच्या कामगार खात्याने २०१८ मध्ये मांडला होता. तो विचार पुन्हा मांडला जावा, म्हणजे लहान गावांतल्या मुलींना नोकरी नाकारायचं कारण उरणार नाही.

पथारीवरच्या, फडातल्या बाईला तर आधी ‘कामगार’ म्हणून नोंद हवी. मार्च २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांना बाळंतपणाचा लाभ द्यायला लावला. त्या कायम नोकरीत नव्हत्या, रस्त्याच्या कामावर राबणाऱ्या होत्या. पण त्यांची नावं मस्टरवर होती. मस्टर होतं, म्हणून त्या भांडू शकल्या. आपल्याकडे एका ठिकाणी वीस बाया राबतात, पण हजेरी कुठेच नसते. मग ८० दिवस सिद्ध करायचे कशाने?

म्हणून माझं सांगणं अगदी साधं आहे. नोकरीवाल्या मुलींनी नेमणुकीचं पत्र, दर महिन्याचं पगारपत्रक किंवा बँकेचं पासबुक जपून ठेवावं. कामाच्या वेळेत किंवा तासांत काहीही बदल ठरला, तर तो लेखी घ्यावा आणि तो किती दिवसांसाठी, हे त्यात लिहून घ्यावं. तास कमी करायचेच असतील, तर रजेआधीचे तीन महिने पूर्ण वेळ भरतील असं बघावं. नोकरी बदलायची असेल, तर नव्या ठिकाणी ८० दिवस भरतात का ते मोजून मगच बदलावी. रजेच्या अर्जाची एक प्रत पोच घेऊन आपल्याजवळ ठेवावी. मजुरी करणाऱ्या बहिणींनी साध्या वहीत रोजची हजेरी, वजन, मिळालेले पैसे लिहावेत. लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्यावं. बाहेरगावी जाण्याआधी अंगणवाडीत किंवा आशाताईकडे गरोदरपणाची नोंद करून कार्ड सोबत न्यावं.

पैसे अडले, तर आधी सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी तक्रार करावी. पुढे जायची वेळ आली, तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न किती हे बघितलं जात नाही.

आणि हा हिशेब एकटीने करायचा नाही, नवऱ्याला शेजारी बसवून करायचा. बाळ दोघांचं, तर पासबुकही दोघांनी बघावं. थोरलीला शाळेतून आणायचं काम आठवड्यातले तीन दिवस त्याला जमतं का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावं. पुष्कळदा तेवढ्यानेच तास कमी करायची गरज उरत नाही.

आमच्या गटात आम्ही आता ठरवलं आहे, की पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं पगारपत्रक किंवा मजुरीची वही घेऊन यायची. तुमच्या गावातही असं करून बघा. सगळ्या जणी एकत्र बसल्या, की कुणाचे दिवस भरतात आणि कुणाचे नाहीत, हे अर्ध्या तासात समजतं.